लांब मानेच्या डायनासोरचं मॉडेल: आधी हाडं, मग मांस, कातडी सगळ्यात शेवटी

विज्ञान प्रदर्शनात लांब मानेचा डायनासोर असतोच आणि तो जवळपास दरवेळी त्याच ठिकाणी चुकलेला असतो. चारही पाय हत्तीचे, मान वाटेल तशी वळलेली, शेपूट जमिनीवर लोळतेय, नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर आणि खाली हिरवंगार गवत. पोरांनी आणि आईबाबांनी मेहनत भरपूर केलेली असते, फक्त क्रम उलटा झालेला असतो. मातीचा मोठा गोळा घेतात, बाहेरून दाबत दाबत आकार देतात आणि मग पाय कुठे लावायचे याचा विचार करतात. या प्राण्याचं शरीर असं बाहेरून जमत नाही, कारण त्याचा प्रत्येक भाग आतल्या हाडांमुळे आणि तो जगायचा कसा यामुळे तसा आहे. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, विशेषतः मान पायांच्या आधी करू नका.

वेळेचं आधीच सांगते. लगद्याचे थर वाळायला वेळ लागतो, त्यामुळे प्रदर्शनाच्या किमान दहा दिवस आधी सुरू करा, पावसाळ्यात असेल तर दोन आठवडे धरा. आदल्या रात्री होणारं हे काम नाही.

## तयारी: सामान

- ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची तार, साधारण दोन मीटर. हाताने वाकते आणि वाकवली तशी राहते.
- बांधकामाची बाइंडिंग वायर, तारेवर गुंडाळायला.
- स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल, आतलं पोट भरायला.
- वर्तमानपत्राचा लगदा, शाडू माती, फेविकॉल.
- एम-सील, फक्त सांध्यांसाठी आणि पंजांसाठी.
- ४० बाय २० सेंटीमीटरचा प्लायचा तुकडा, ड्रिल किंवा खिळा-हातोडी, पक्कड, पट्टी, सँडपेपर.

सावधान: नुसती शाडू वापरू नका. वाळताना ती आकसते, आतली तार आकसत नाही, आणि मानेला गोल गोल तडे जातात. तीन भाग लगदा, एक भाग शाडू आणि मळता येईल इतका फेविकॉल, हे मिश्रण टिकतं आणि हलकंही राहतं.

## पायरी १: एकच प्राणी पकडा

"लांब मानेचा डायनासोर" असा एक प्राणी नाही. सॉरोपॉड हा मोठा गट आहे आणि त्यातल्या प्राण्यांची ठेवण एकमेकांपासून बरीच वेगळी. डिप्लोडोकसचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच, शेपटीत ८० च्या आसपास मणके आणि शेपटीचं टोक चाबकासारखं बारीक. जिराफाटायटन आणि ब्रॅकिओसॉरसचं बरोबर उलट, पुढचे पाय उंच, पाठ खांद्याकडून कमरेकडे उतरत जाणारी आणि शेपूट त्यामानाने आखूड. नेटवरून पाच चित्रं डाउनलोड करून डोकं एकाचं, पाय दुसऱ्याचे आणि शेपूट तिसऱ्याची घेतली की असा प्राणी तयार होतो जो पृथ्वीवर कधीच नव्हता.

मी इथे जिराफाटायटन धरून सांगते. त्याची हाडं टांझानियातल्या टेंडागुरूला १९०९ ते १९१३ मध्ये खोदून काढली आणि बर्लिनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्याचा सांगाडा उभा आहे, उंची १३.२७ मीटर. बाजूने काढलेले चांगले फोटो सहज मिळतात आणि मॉडेलला तेच लागतात.

सावधान: या सांगाड्याचे २००७ च्या आधीचे फोटो वापरू नका. जुन्या मांडणीत पुढच्या पायांची कोपरं बाहेर वाकलेली होती आणि शेपूट जमिनीवर टेकलेली होती. २००७ मध्ये तो पुन्हा उभारला तेव्हा पाय सरळ झाले आणि शेपूट वर उचलली गेली. जुन्या पुस्तकांत याच प्राण्याला ब्रॅकिओसॉरस म्हटलेलं असतं. तो खरा ब्रॅकिओसॉरस अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा, त्याचं नाव १९०३ चं, आणि आफ्रिकेतल्याला आता वेगळा वंश मानतात.

## पायरी २: मापं कागदावर उतरवा

स्केल १:५० घ्या. म्हणजे खऱ्या प्राण्याचा एक मीटर तुमच्या मॉडेलमध्ये दोन सेंटीमीटर, पोरांनाही तोंडी हिशोब करता येतो. मी ही मापं धरते:

- डोकं दीड सेंटीमीटर
- मान १७
- धड आणि कंबर मिळून १०
- शेपूट १६
- पुढच्या पायाची उंची खांद्याच्या सांध्यापर्यंत ८, मागच्याची कमरेच्या सांध्यापर्यंत ७

यातलं पुढच्या पायाचं वरचं हाड बघा, खऱ्यात ते २.१३ मीटर आहे, म्हणजे एक उंच माणूस त्याच्याशेजारी उभा राहिला तरी हाडच उंच ठरेल. मॉडेलमध्ये ते सव्वाचार सेंटीमीटर होतं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. या प्राण्याची लांबी २२ मीटरच्या आसपास सांगतात, लोक २२ मीटर म्हणजे ४४ सेंटीमीटर आडवा बेस घेतात आणि तो भरायला मान समोर ताणून ठेवतात. ही लांबी मणक्यांच्या रेषेवरून, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलेली असते. मान वर उचलली की आडवी जागा ३५ सेंटीमीटरच्या आसपासच लागते.

कागदावर मॉडेलच्याच मापात बाजूचं आणि समोरचं असं दोन्ही चित्र काढा. समोरचं कोणी काढत नाही, आणि मग प्राणी पिंपासारखा गोल होतो.

चेक: कागदावर शेजारी साडेतीन सेंटीमीटरचा माणूस काढा. त्याचं डोकं प्राण्याच्या पुढच्या पायाच्या कोपराच्या जवळपास यायला हवं. पोटाच्या वर जात असेल तर स्केल गडबडलंय.

## पायरी ३: तारेचा सांगाडा

एक लांब तार शेपटीच्या टोकापासून डोक्यापर्यंत अखंड घ्या. मध्ये जोड देऊ नका, मानेच्या बुडाशी जोड असेल तर तो तिथेच तुटणार. खांद्याजवळ आणि कमरेजवळ दोन वेगळ्या तारा आडव्या गुंडाळून चार पाय काढा, सांध्यावर एम-सील दाबा. एम-सील मिसळलं की साधारण अर्ध्या तासात कडक व्हायला लागतं, त्यामुळे थोडं थोडं मिसळा, आणि मुलं करत असतील तर हातात ग्लोव्हज हवेत.

पायांच्या तारा मापापेक्षा तीन सेंटीमीटर जास्त ठेवा. प्लायला चार भोकं पाडा, तारा खाली ओढून उलट्या वाकवा आणि आत्ताच, माती लावायच्या आधी, प्राण्याला बेसवर उभा करा. नंतर लावू म्हटलं की वजन वाढलेलं असतं आणि पाय फाकतात.

पाय सरळ, शरीराच्या खाली, खांबासारखे. मगरीसारखे बाजूला पसरलेले नकोत. पुढे कोपर मागच्या बाजूला, मागे गुडघा पुढच्या बाजूला, आणि दोन्हीचा वाक अगदी थोडा. इतकं वजन वाकलेल्या पायांवर पेलायला स्नायूंना सतत राबावं लागलं असतं, सरळ हाडावर ते आपोआप जमिनीत उतरतं.

चालतोय असं दाखवायचं असेल तर एका वेळी एकच पाय उचला. उड्या मारणारा किंवा मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला जिराफाटायटन करू नका, याचं वजन पुढच्या बाजूला जास्त आहे आणि ती पोझ याच्या अंगाला बसत नाही.

चेक: बाइंडिंग वायर सगळ्या तारेवर विरळ गुंडाळलीय का? गुळगुळीत अॅल्युमिनियमवर लगदा धरत नाही, घसरतो.

## पायरी ४: धड

फॉइलचे बोळे घट्ट दाबून पोटाचा गाभा करा, त्यावर लगद्याचा अर्धा सेंटीमीटरचा पहिला थर द्या. याच्या बरगड्या अडीच मीटरहून लांब होत्या, म्हणजे छाती खोल आहे पण त्यामानाने अरुंद. मॉडेलमध्ये धडाची उंची ६ सेंटीमीटर आणि रुंदी साडेचार ठेवा. समोरून पाहिलं तर उभा अंडाकार दिसला पाहिजे.

पोट एवढं मोठं का, हे मुलांना इथेच समजावून सांगा कारण परीक्षक हमखास विचारतात. हा प्राणी चावत नव्हता. पाला ओरबाडायचा आणि गिळायचा, दळायला दाढा नाहीत, गाल नाहीत. पोटात दगड ठेवून दळायचा असं पूर्वी सांगायचे, पण सॉरोपॉडच्या सांगाड्यांसोबत सापडलेले दगड फार कमी आणि त्या कामाला अपुरे आहेत. म्हणजे सगळं काम आतड्यांतल्या जिवाणूंवर, खूप वेळ आंबवून. त्याला मोठी टाकी लागते आणि ती टाकी म्हणजे हे पोट. आणि चावायचं नाही म्हणून जड जबडा नको, जबडा हलका म्हणून डोकं लहान, डोकं लहान म्हणून मान इतकी लांब परवडते. एका गोष्टीतून दुसरी निघत गेलीय, हे पोरांना नीट कळलं ना की ती मॉडेलमध्ये डोकं मोठं करतच नाहीत.

खांदा कमरेपेक्षा उंच राहिला पाहिजे. लगदा ओला असताना धड हळूहळू खाली बसतं, त्यामुळे पोटाखाली काड्यापेटीचा टेकू ठेवा आणि रात्रभर तसंच सोडा.

## पायरी ५: पंजे (इथे घाई करू नका)

माझ्या मते अख्ख्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चुकणारी आणि दुरुस्त करायला सगळ्यात सोपी जागा हीच. हत्तीचा पाय करतात, गोल, पुढे पाच नखं, चारही पायांना सारखी.

पुढचा पंजा: तळव्याची पाच हाडं उभी होती, एकमेकांना चिकटून अर्धवर्तुळात, मागून उघडी. त्यामुळे ठसा घोड्याच्या नालेसारखा उमटतो. बोटं जवळजवळ नाहीतच. नख फक्त एक, अंगठ्याचं, आतल्या बाजूला. पाच नाही, तीन नाही, एक. टायटॅनोसॉर (सॉरोपॉडमधलाच एक गट) करत असाल तर तेही नाही, त्या गटात अंगठ्याचं नख गेलेलं होतं.

मागचा पंजा: हा मोठा आणि पसरट, टाचेखाली मांसल गादी. पाच बोटं, पण मोठी नखं आतल्या तीन बोटांनाच, आणि ती सरळ पुढे न रोखता थोडी बाहेरच्या बाजूला वळलेली.

मॉडेलमध्ये पुढचा पंजा सव्वा सेंटीमीटर रुंद, मागचा पावणेदोन. पंजे एम-सीलचे करा, लगद्याचे कडेला तुटतात. नखासाठी तांदळाच्या कणीएवढा तुकडा पुरे.

चेक: एकूण नखं मोजा. पुढे १ आणि १, मागे ३ आणि ३, एकूण ८. जास्त भरली तर काढून टाका.

## पायरी ६: शेपूट, मग मान

शेपूट आधी करा, कारण ती मानेचं वजन मागून तोलते. मुळाशी ती जाड हवी, कमरेतून एकदम बारीक निघालेली नको. शेपटीच्या मुळापासून मांडीच्या हाडापर्यंत एक जाडजूड स्नायू जायचा, पाय मागे ओढून प्राण्याला पुढे ढकलायचं काम त्याचंच. तिथून हळूहळू निमुळती करत न्या आणि जमिनीपासून वर ठेवा. सॉरोपॉडच्या पाऊलवाटा जगात खूप ठिकाणी सापडल्यात आणि त्यांत शेपूट ओढल्याची रेघ क्वचितच दिसते.

आता मान. जिराफाटायटनच्या मानेत १३ मणके. जिराफाच्या मानेत आपल्यासारखेच ७. तेरा मणक्यांत साडेआठ मीटर म्हणजे एकेक मणका किती लांब असेल बघा. आणि मणका लांब असला की मान बारीक बारीक वळणं घेऊ शकत नाही, प्रत्येक सांध्याला थोडासाच वाक मिळतो. त्यात मणक्यांच्या खालच्या बाजूने लांब, काडीसारख्या मानेच्या बरगड्या मागे जातात, याच्यात तर २.९ मीटरपर्यंत, एक मणका ओलांडून त्यामागच्या मणक्यांवर चढलेल्या. म्हणून मानेला गाठ, वेटोळं किंवा मोठा एस आकार देऊ नका. बुडाशी एक स्पष्ट वाक, डोक्याजवळ एक वाक, मधला भाग जवळपास सरळ.

किती वर उचलायची यावर शास्त्रज्ञांत खरा वाद आहे. १९९९ मध्ये कॉम्प्युटरवर मणके जुळवून काही जणांनी सॉरोपॉडची मान आडवीच असायची असं मांडलं, २००९ मध्ये दुसऱ्यांनी आजच्या प्राण्यांचे एक्स-रे दाखवून मान सहज वर उचललेली असायची असं म्हटलं. माझं मत विचाराल तर जिराफाटायटनला सुमारे ६० अंश द्या, उंच खांदे आणि लांब पुढचे पाय बघता ते पटतं आणि मॉडेलचा तोलही नीट राहतो. डिप्लोडोकस असेल तर खूप कमी.

मानेचा छेद एकदम गोल करू नका. वरून स्नायू, मध्ये मणके, खाली अन्ननलिका आणि श्वासनलिका, त्यामुळे उंची रुंदीपेक्षा जरा जास्त. जाडीचा मोह आवरा. मणक्यांत निम्म्याहून जास्त जागा हवेने भरलेली होती, पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या हाडांत शिरलेल्या असायच्या, म्हणूनच ही मान पेलवली. बुडाशी दोन सेंटीमीटर, डोक्याशी पाऊण, यापेक्षा जाड करू नका.

सावधान: मानेवर एका वेळी दोन मिलीमीटरपेक्षा जाड थर नको. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

चेक: आता डोक्याचा वरचा भाग बेसपासून २५-२६ सेंटीमीटरवर येतोय का? मॉडेल पुढे कलत असेल तर शेपटीच्या मुळाशी फॉइलमध्ये एक-दोन नटबोल्ट दडवा.

## पायरी ७: डोकं

दीड सेंटीमीटर म्हणजे मोठ्या शेंगदाण्याएवढं. सगळ्यांना लहान वाटतं आणि सगळे ते दुप्पट करतात. करू नका.

कवटीवर कपाळाच्या पुढे हाडाची उंच कमान आहे आणि नाकाची हाडातली भोकं तिथे, डोळ्यांच्या जवळ वर. त्यामुळे पूर्वी नाकपुड्या माथ्यावर काढायचे आणि प्राणी तळ्यात बुडून फक्त डोकं वर काढून श्वास घेतो असं चित्र रंगवायचे. मांसल नाकपुडी मात्र पुढे, तोंडाच्या टोकाजवळ असायची, असं २००१ मधल्या अभ्यासातून पुढे आलं आणि आता तसंच दाखवतात. म्हणून टोकाजवळ दोन बारीक टोचे मारा आणि वरची कमान नुसता उंचवटा म्हणून ठेवा. डोळे बाजूला, कवटीच्या मागच्या अर्ध्यात. बाहेर कान नाहीत. तोंड बंद ठेवा, फार तर किंचित उघडं. डरकाळी फोडणारा जबडा आणि सुळे मांसाहारी प्राण्याचे, याचे दात रुंद, चमच्यासारखे, फांदीवरून पाला ओढायला. सॉरोपॉडचे दात झिजून सारखे नवे यायचे, डिप्लोडोकसमध्ये तर एका जागी साधारण ३५ दिवसांत नवा दात.

## पायरी ८: कातडी आणि रंग

पेनच्या टोपणाने सगळ्या अंगावर खवले उमटवायची पद्धत आहे ती बंद करा. सॉरोपॉडच्या कातडीचे ठसे सापडलेत, त्यात छोटे, बहुकोनी, एकमेकांना टेकलेले खवले दिसतात, माशासारखे एकावर एक चढलेले नाहीत. खरा खवला तीन सेंटीमीटरचा धरला तरी तुमच्या मॉडेलमध्ये तो अर्ध्या मिलीमीटरचा होतो, म्हणजे दिसणारच नाही. ओल्या शेवटच्या थरावर जाडसर सँडपेपर हलका दाबा, एवढं पुरतं. सुरकुत्या मात्र द्या, कोपर, गुडघा, मानेचं बूड आणि शेपटीचं मूळ इथे सुईने बारीक रेघा.

पाठीवर काट्यांची रांग या प्राण्याला लावू नका. ती डिप्लोडोकसच्या जवळच्या प्राण्यांत नोंदलेली आहे.

प्रौढ जिराफाटायटनच्या रंगाचा पुरावा दगडात मिळालेला नाही, त्यामुळे इथे मोकळीक आहे. तरी पाठ गडद आणि पोट फिकं ठेवलं की आकार उठून दिसतो. पोस्टर कलर दोन हातांत, मध्ये पूर्ण वाळू द्या, वरून मॅट वार्निश. चकचकीत वार्निशने प्लॅस्टिकचं खेळणं दिसतं.

## पायरी ९: बेस

गवत नको. फुलं नकोत. जिराफाटायटन सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा गवत नव्हतं. नेचे, सायकस, गिंको आणि उंच सूचिपर्णी झाडं लावा. घराजवळच्या कुंडीत शोभेचं सायकस असेल तर त्याच्या पानांचा आकार बघून कागद कापा. टी-रेक्सही नको, तो याच्यानंतर सुमारे ८ कोटी वर्षांनी उत्तर अमेरिकेत आला. सोबती हवाच असेल तर टेंडागुरूलाच सापडलेला काटेरी केंट्रोसॉरस करा.

मानेपर्यंत पाण्यात बुडवू नका. तेवढ्या खोलीवर पाण्याच्या दाबाने छाती फुगवताच आली नसती, आणि हवेने भरलेल्या हाडांमुळे प्राणी बुडण्यापेक्षा तरंगलाच जास्त असता.

गवत लावायचंच असेल तर प्राणी बदला आणि तो आपल्याकडचा घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला इसिसॉरस या टायटॅनोसॉरचा सांगाडा सापडलाय, आणि त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म शेणात, जे टायटॅनोसॉरचं मानलं जातं, गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तो काळ क्रिटेशियसचा शेवट, म्हणजे डायनासोरांच्या युगाचा अगदी शेवटचा टप्पा. तिथे गवत बिनधास्त लावा, पण मग पुढच्या पायांना नख नाही हे लक्षात ठेवा, आणि मापं सगळी पहिल्यापासून काढा.

घरटं दाखवायचं असेल तर तेही टायटॅनोसॉरसोबतच. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, २०२३ मध्ये ते छापून आलं, अंडी १५ ते १७ सेंटीमीटरची. तुमच्या स्केलमध्ये एक अंडं तीन मिलीमीटर, म्हणजे साबुदाण्याचा दाणा चालेल. आई घरट्यावर बसलीय असं दाखवू नका, अंडी फुटतील.

## पायरी १०: लेबल

लेबलवर नुसतं "डायनासोर" लिहिलं तर एवढं केलेलं काम कोणाला कळत नाही. या क्रमाने लिहा: जिराफाटायटन ब्रँकाई, टेंडागुरू, टांझानिया, ज्युरासिकचा शेवटचा काळ, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, लांबी सुमारे २२ मीटर, स्केल १:५०. वजन लिहायचं असेल तर "अंदाजे २३ ते ४० टन" असा पट्टाच लिहा, जुन्या पुस्तकांतला ७८ टनांचा आकडा उतरवू नका, तो अंगावर फार मांस धरून काढलेला होता. आणि साडेतीन सेंटीमीटरचा माणूस बेसच्या आत उभा करू नका, लेबलच्या शेजारी बाहेर चिकटवा, खाली "तुलनेसाठी" असं लिहून.